नेट जोडलं की कॉम्प्युटर हँग होतो? आधी माऊस हलतो का ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. भांडुपला वडिलांचा डेस्कटॉप आहे. आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. नेट नसताना टॅली उघडा, पत्ते खेळा, जुने फोटो बघा, काही तक्रार नाही. लॅनची वायर लावली की मिनिटभरात सगळं थिजतं, पाच-दहा मिनिटं तसंच राहतं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू होतं. वडील दिवसातून तासभर बसतात, त्यातली ही दहा मिनिटं रोजची. दुकानदाराने दोनदा फॉर्मॅट मारला, फरक शून्य. तो म्हणतो नेटमध्ये गडबड आहे, केबलवाला म्हणतो मशीन जुनं झालंय. दोघांतलं खरं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंय.

दोघंही थोडं थोडं खरं बोलतात, पण तपासून कुणीच बोलत नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी गिरगाव-दादर पट्ट्यात घरोघरी जाऊन मशीनं दुरुस्त करतोय. हे दुखणं महिन्यातून एक-दोनदा तरी हाती येतंच. त्यामुळे काही गोष्टी इथूनही ठामपणे सांगता येतात, आणि काही मशीनसमोर बसल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाहीत.

पहिला घोळ 'हँग' या शब्दाचाच आहे. माऊसचा बाण हलतो, पण कशावरही क्लिक केलं की गोल चक्र फिरत राहतं आणि विंडोवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, हा एक प्रकार. बाणच जागच्या जागी खिळतो, गाणं चालू असेल तर आवाज अडकून घर्रर्र करतो, आणि कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवाही लागत नाही, हा दुसरा. पहिल्यात विंडोज जिवंत आहे, फक्त कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत ताटकळलंय. दुसऱ्यात खालचा थरच अडकलाय, म्हणजे ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर), लॅन कार्ड (वायर लागते तो भाग), क्वचित रॅम नाहीतर पॉवर सप्लाय. पोटात दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर उजवीकडे की डावीकडे विचारतो, तसा हा माझा पहिला प्रश्न असतो. फोनवर गिऱ्हाइकाला मी आधी कॅप्स लॉकच दाबायला लावतो.

दुसरा घोळ 'नेट जोडलं' या शब्दांचा. वायर खोचली की आधी मशीनची आणि राऊटरची ओळख होते. पोर्टचा दिवा लागतो, राऊटर मशीनला आयपी पत्ता देतो. इथवर नेट आलेलं नसतं. राऊटरच्या पलीकडचं जग मिळणं ही पुढची पायरी. हँग कुठल्या पायरीवर होतो ते कळलं की निम्मं काम झालं. फायबरचा डबा आणि राऊटर वेगळे असतील तर त्या दोघांमधली वायर राऊटरच्या बाजूने काढा. राऊटर चालू, नेट बंद. आता मशीनला लॅनची वायर लावा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसा. सगळं एकाच डब्यात असेल तर ती बारीक पिवळी फायबर मात्र ओढू नका. तुटली की केबलवाला येईपर्यंत घर नेटविना.

अशा वेळी उलटी परीक्षा घ्यायची. लॅनची वायर काढून ठेवा, मोबाईल यूएसबीने मशीनला जोडा आणि टेदरिंगने, म्हणजे मोबाईलचंच नेट मशीनला देऊन, चालवा. लॅन कार्डाचा संबंधच संपला. तरीही मशीन गोठलं, तर लॅन कार्ड, वायर आणि केबलवाला तिघंही निर्दोष सुटले. ही परीक्षा मात्र पंधरा मिनिटांत आटपा, नाहीतर तुमचा दिवसाचा डेटा विंडोज एकटं गिळून टाकेल.

नुसत्या राऊटरला जोडल्यावरच गोठलं तर संशय लॅन कार्डावर आणि त्याच्या ड्रायव्हरवर. खरं नेट आल्यावरच गोठलं तर मशीनच्या आतले प्रोग्राम आणि ते सगळे जिच्यावर तुटून पडतात ती हार्ड डिस्क. तुमच्याच लिहिण्यातल्या दोन गोष्टींमुळे माझा कौल डिस्कला आहे. एक, पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुटतं. दोन, फॉर्मॅट मारून काही झालं नाही.

जुन्या बिल्डिंगमध्ये सकाळी पाणी येतं ती वेळ आठवा. रात्रभर पाइप शांत असतो. पाणी आलं रे आलं की सगळ्या बिऱ्हाडांचे नळ एकदम सुटतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्याच्या बादलीत करंगळीएवढी धार. अर्ध्या तासाने पिंपं भरली की धार पुन्हा जोरात. दोष पाण्याचा नसतो, सगळ्यांना पुरणाऱ्या एका पाइपचा असतो. विंडोजमध्येही नेटची वाट बघत बरीच मंडळी बसलेली असतात. विंडोज अपडेट, डिफेंडर या विंडोजच्याच अँटीव्हायरसच्या नव्या व्हायरस-याद्या, स्टोअरमधल्या अ‍ॅपचे अपडेट, वनड्राइव्ह, ब्राउझरचा अपडेटर, मायक्रोसॉफ्टला मशीनची माहिती पाठवणारी कम्पॅटिबिलिटी टेलिमेट्री. नेट दिसताच सगळे एकदम उठतात आणि सगळ्यांना एकाच डिस्ककडून काहीतरी हवं असतं.

ही डिस्क किती झेपवू शकते याचा हिशेब बघा. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य पट्टीवर सरकायला आणखी ८-१०. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला जेमतेम सत्तर-ऐंशी. एक मोठी फिल्म सलग वाचायला सांगा, ती मजेत वाचेल. पण अपडेट हजारो बारक्या फाइली चाळतं, त्याच वेळी डिफेंडर त्यातली प्रत्येक फाइल तपासतो, आणि ४ जीबी रॅम अपुरी पडल्यामुळे विंडोज आपलं उरलेलं सामानही त्याच डिस्कवर नेऊन ठेवतं. साध्या साटा एसएसडीला, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला, असे हजारो तुकडे सेकंदाला जमतात, कारण तिच्यात फिरणारं काही नाहीच.

आता फॉर्मॅटबद्दल. हा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि या दुखण्यात तो बऱ्याचदा उलटा पडतो. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज १० ची चार-पाच वर्षं जुनी प्रत असते. ती टाकली की मशीनच्या डोक्यावर तितक्या वर्षांच्या अपडेटचं कर्ज. वर डिफेंडरला सगळी डिस्क नव्याने तपासायची, सर्चला सगळी सूची नव्याने बनवायची. म्हणजे फॉर्मॅटनंतरचे पहिले काही दिवस मशीनचे सर्वात वाईट दिवस असतात. त्यात तुमच्या वडिलांचा एक तास. त्या तासात अपडेट अर्धं उतरतं, अर्धं चढतं, मशीन बंद होतं. उद्या पुन्हा तीच कसरत. दिवसभर चालू राहणाऱ्या ऑफिसच्या मशीनला हे दुखणं कमी का होतं, ते यावरून कळेल. आणखी एक सवय म्हणजे डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार तुकडे पाडून सी ला ५०-६० जीबी देणं. सी भरत आला की अपडेटला जागा मिळत नाही, ते फसतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सेटिंग्जमधली अपडेट हिस्टरी उघडा. एकच अपडेट चार-पाचदा 'फेल्ड' दिसलं तर हाच प्रकार.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, डोळ्यांनी बघा. नेट जोडायच्या आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडून ठेवा. आधीच, कारण गोठल्यावर तोही उघडत नाही. डिस्कच्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे जास्त ओढणारे वर येतील. मग वायर लावा. डिस्क १०० टक्के झाली आणि वरच्या दोन-तीन ओळींत विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर, अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल अशी नावं दिसली, तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. परफॉर्मन्सच्या पानावर डिस्क निवडली की 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' दिसतो. निरोगी हार्ड डिस्कला तो साधारण दहा-वीस मिलिसेकंद असतो, ओझ्याखाली शंभरापर्यंतही जातो. पण डेटा सेकंदाला १-२ एमबी सरकतोय आणि हा आकडा हजार-दोन हजाराच्या घरात असेल, तर डिस्क नुसती दमलेली नाही, आजारी असू शकते.

दमलेली आणि आजारी यांत फरक करणं फार महत्त्वाचं, कारण आजारी डिस्कवर तुमचा डेटा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या दोन ओळी बघा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा). उजवीकडची रॉ व्हॅल्यू हेक्स आकड्यांत, म्हणजे अंकांबरोबर ए ते एफ अक्षरंही वापरणाऱ्या पद्धतीत असते, त्यामुळे विचित्र दिसेल, पण शून्य ते शून्यच. पेंडिंगच्या ओळीत शून्याशिवाय काहीही असलं तर बाकी सगळे प्रयोग थांबवा आणि टॅलीचा डेटा, फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवा. तिसरी ओळ 'सीआरसी एरर काउंट'. ही एकटीच वाढत असेल तर डिस्क बदलायच्या आधी तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला. आपल्या दमट हवेत आणि धुळीत ती केबल सैल पडते, कनेक्टर खराब होतात. शे-दीडशे रुपयांच्या केबलने बरी झालेली मशीनं मी पाहिली आहेत. जोडीला इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमची नोंदवही उघडून गोठण्याच्या वेळेच्या आसपास बघा. क्रमांक ७, १२९ किंवा १५३ च्या नोंदी असतील तर डिस्क किंवा तिच्यापर्यंतचा रस्ता विंडोजला दाद देत नाहीये.

गिरगावात एका निवृत्त शिक्षिकांचं मशीन असंच माझ्याकडे आलं होतं, दोन फॉर्मॅट पचवून. क्विक फॉर्मॅट फक्त नवी अनुक्रमणिका लिहितो, पानं फाटली आहेत का ते बघत नाही. त्यांच्या डिस्कवर फाटकी पानं नेमकी अशा भागात होती जिथे अपडेटच्या फाइली उतरत होत्या. नेट नसताना त्या भागाला कुणी हातच लावत नव्हतं. नेट आलं की अपडेट तिथे जायचं, डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करायची आणि तिच्या मागे सगळी रांग खोळंबायची. बाई मला सांगत होत्या, 'नेटमध्ये व्हायरस येतोय.' त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

डिस्क निरोगी निघाली तर उपाय दोन. फुकटचा आधी. एखाद्या शनिवारी रात्री नेट जोडून मशीन चालू ठेवून झोपा. सेटिंग्जमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, स्क्रीन बंद झाली तरी चालेल. मुंबईत वीज रात्रभर टिकते, मुंबईची वीज गेली तो १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस विरळाच. सकाळी रीस्टार्ट करा, अपडेट पुन्हा तपासा, आणखी एक रात्र द्या. सी मध्ये आधी निदान २०-२५ जीबी मोकळी करून घ्या. वनड्राइव्ह वापरत नसाल तर स्टार्टअपमधून काढा, ब्राउझरला जुने टॅब उघडायला लावू नका. एवढ्याने मी पाहिलेली बरीच मशीनं चालण्याजोगी झाली. कामाची घाई असेल त्या दिवशी नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा, बहुतेक अपडेट दारातच थांबतात. पण ते कायमचं ठेवू नका, कर्ज साठत जातं.

पैशाचा उपाय म्हणजे एसएसडी. २५६ जीबीची साधी साटा एसएसडी विंडोजसाठी, आणि जुनी १ टीबी निरोगी असेल तर फोटोंसाठी तशीच राहू द्यायची. जोडीला ४ ची ८ जीबी रॅम. दोन्हीसाठी पैसे नसतील तर आधी एसएसडी. या क्रमाबद्दल माझ्या धंद्यातले काही जण वाद घालतात, पण फिरती डिस्क तशीच ठेवून रॅम वाढवलेल्या मशीनची तक्रार मला पुन्हा ऐकावी लागली आहे, उलट क्रमाची फारशी नाही.

आता समजा माझा कौल चुकला आणि नुसत्या राऊटरलाच जोडल्यावर बाण खिळला. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाचा ड्रायव्हर बघा. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा घ्या. ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी फुकटची सॉफ्टवेअरं टाकू नका, ती नवी डोकेदुखी घेऊन येतात. कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' बंद करून बघा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्या. तरीही तेच, तर पोर्ट जळालं असण्याची शक्यता. पावसाळ्याच्या तोंडाशी विजा कडाडल्या की पुढचा आठवडा माझा लॅन पोर्टात जातो. फायबर काचेची असल्याने विजेचा झटका आणत नाही, पण जिन्यातल्या डब्यापासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा अजून कित्येक बिल्डिंगमध्ये तांब्याचाच आहे. अशी पोर्टं पूर्ण मरत नाहीत, अर्धमेली राहतात. दिवा लागतो, विझतो, लागतो, आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हर अडखळतो. यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावा, बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमधून) जुनं पोर्ट बंद करा, विषय संपला. वायफायचा डोंगल वापरत असाल तर तो पुढच्या नव्हे, मागच्या यूएसबी पोर्टात लावून बघा. पुढच्या पोर्टांची वीज बऱ्याच कॅबिनेटमध्ये डळमळीत असते.

एक तिसरा प्रकार आहे आणि त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. माहीमच्या एका विमा एजंटचं मशीन नेट लावलं की मिनिट-दीड मिनिट अडकायचं, विशेषतः फाइल उघडताना आणि प्रिंट देताना. डिस्क स्वच्छ. मी लॅन कार्ड बदलून दिलं, पैसे घेतले. आठवड्याने पुन्हा फोन. तेव्हा कुठे 'धिस पीसी' मध्ये एक झेड ड्राइव्ह दिसला. मशीन पूर्वी ऑफिसात होतं, तिथल्या सर्व्हरचा तो ड्राइव्ह आणि तिथलाच नेटवर्क प्रिंटर घरी आल्यावरही तसेच राहिले होते. नेट नसताना विंडोजला कळतं की नेटवर्कच नाही, ते लगेच नाद सोडतं. नेट आलं की ते त्या सर्व्हरला शोधत बसतं आणि उत्तराची मुदत संपेपर्यंत सगळ्यांना थांबवतं. झेड डिस्कनेक्ट केला, प्रिंटर काढला, दोन मिनिटांत काम. लॅन कार्डाचे पैसे परत दिले, कार्ड अजून माझ्या पिशवीत आहे. तुमच्या मशीनवर टॅली आहे म्हणता, म्हणजे ते कधी ऑफिसात होतं का, हे वडिलांना विचारा.

व्हायरसचं मी शेवटी ठेवलंय, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. शक्यता आहेच. दुकानदाराने क्रॅक केलेलं विंडोज किंवा 'अ‍ॅक्टिव्हेटर' टाकला असेल तर त्याबरोबर दुसऱ्यासाठी क्रिप्टोची नाणी खणणारा एखादा पाहुणा येऊ शकतो. पण तो ओढतो प्रोसेसर, आणि दहा मिनिटांनी सहसा थांबत नाही. तुमचं दुखणं थांबतं. दोन अँटीव्हायरस एकत्र नाहीत ना, एवढं मात्र नक्की बघा. एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासतो आणि दोघं मिळून डिस्क खातात.

जाता जाता, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. तुमचा आय-थ्री आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर विंडोज ११ चा विचार करता येईल, पण एसएसडी टाकल्यावरच. त्याआधी चढवलंत तर वडील तुम्हाला रोज फोन करतील.

आता तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्यात. गोठल्यावर बाण हलतो की नाही. मोबाईल टेदरिंगवर काय झालं. टास्क मॅनेजरचा फोटो. आणि पेंडिंग सेक्टरचा आकडा. या चार गोष्टी हाती आल्यावर मी जे बोलेन तो नुसता अंदाज नसेल. तोवर दुकानदाराला तिसरा फॉर्मॅट मारू देऊ नका, आणि टॅलीचा डेटा फोल्डर आज रात्रीच एका पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या. नेटची वायर काढून.